कॅनडाचा पीआर: गुण कसे पडतात, निवड कशी होते

कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळवायचं मनात असलेली दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “स्कोअर किती?” कुणी ४२९ सांगतं, कुणी ४६२, कुणी ५०३. हे आकडे नेमके कुठून येतात, कशाने वाढतात आणि त्यांच्या जोरावर निवड कशी होते, हे सांगणारी माणसं मात्र कमी भेटतात. ती माहिती नाही म्हणून कित्येक जण लाखभर रुपये आधीच एजंटच्या हातावर ठेवतात.

ही पद्धत गुपित नाही. गुणांचे सगळे तक्ते कॅनडा सरकारने जाहीर केलेले आहेत आणि त्यात बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित नाही. कागद-पेन घेऊन बसलं तर आपला हिशेब आपल्याला मांडता येतो, आणि तो मांडलाच पाहिजे. कारण वय, भाषा, शिक्षण, अनुभव यांतलं काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे त्या हिशेबाशिवाय कळत नाही.

गुणांची पद्धत आली कुठून

गुण देऊन स्थलांतरित निवडायची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. त्याआधी माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या वंशाचा, यावर फार काही ठरायचं. भारतीयांनी त्याची मोठी किंमत मोजली. मायदेशातून कुठेही न थांबता थेट आलेल्यालाच उतरू द्यायचं, असा नियम १९०८ साली निघाला. भारतातून तसा थेट प्रवास जवळजवळ अशक्य होता, आणि नियम काढण्याचा हेतूही तोच होता. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोहोचले. त्यांतल्या बहुतेकांना दोन महिने बंदरात अडकवून परत पाठवलं गेलं. पुढे १९५१ साली भारतीयांसाठी कोटा मंजूर झाला, तोही वर्षाला अवघ्या १५० जणांचा.

१९६७ च्या नियमांनी शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय अशा नऊ निकषांवर १०० गुण ठेवले. ५० मिळाले की माणूस पात्र. जन्म कुठे झाला याऐवजी काय येतं हे विचारलं जाऊ लागलं. आज टोरांटो-व्हँकुव्हरमध्ये जी मराठी कुटुंबं दोन-तीन पिढ्या नांदत आहेत, त्यांतल्या अनेकांची वाट या बदलाने मोकळी झाली.

त्या पद्धतीत एक अडचण मात्र होती. जो पात्र ठरेल त्याचा अर्ज निकाली काढणं सरकारवर बंधनकारक होतं. जागा मर्यादित आणि अर्ज अमर्याद, त्यामुळे रांग वाढत गेली. शेवटी २०१२ मध्ये कायदा बदलून २७ फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज सरसकट रद्द करण्यात आले. सुमारे २,८०,००० माणसांची नावं त्या अर्जांत होती. शुल्क परत मिळालं, पण वाट पाहण्यात गेलेली वर्षं परत मिळाली नाहीत.

यावरचा तोडगा न्यूझीलंडने २००३ मध्येच काढला होता. आधी फक्त इच्छा नोंदवायची, सरकार त्यांतून निवड करणार आणि बोलावलेल्यानेच अर्ज करायचा. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये ‘स्किलसिलेक्ट’ नावाने हीच पद्धत घेतली आणि १ जानेवारी २०१५ पासून कॅनडात ‘एक्सप्रेस एन्ट्री’ सुरू झाली. क्विबेक प्रांत आपली निवड स्वतंत्रपणे करतो. बाकीच्या कॅनडात कुशल कामगारांसाठी एक्सप्रेस एन्ट्री हा मुख्य दरवाजा आहे.

दोन तक्ते, दोन कामं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एक्सप्रेस एन्ट्रीत गुण दोनदा मोजले जातात, आणि दोन्ही वेळचा हेतू वेगळा असतो.

पहिला तक्ता १०० गुणांचा आहे. त्यात भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, हाती असलेल्या नोकरीच्या प्रस्तावाला १० आणि तिथे रुळण्याच्या शक्यतेला १० गुण आहेत. यांत किमान ६७ लागतात. ही ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या योजनेची पात्रता झाली. भारतात बसून अर्ज करणारे बहुतेक जण याच योजनेत येतात. जोडीला आणखी अटी आहेत. भाषेच्या चारही अंगांत कॅनडाच्या मोजपट्टीवर किमान सातवी पातळी हवी, आणि गेल्या दहा वर्षांत कुशल कामाचा सलग एक वर्षाचा पगारी अनुभव हवा. याखेरीज कॅनडात वर्षभर काम केलेल्यांसाठी ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास’ आणि इलेक्ट्रिशियन, वेल्डर अशा कारागिरांसाठी ‘फेडरल स्किल्ड ट्रेड्स’ या दोन योजना आहेत.

कोणत्याही एका योजनेत पात्र ठरलं की माणूस ‘पूल’मध्ये जातो, म्हणजे इच्छुकांच्या यादीत. तिथे दुसरा तक्ता लागू होतो. तो १,२०० गुणांचा असून त्याला सीआरएस म्हणतात. लोक एकमेकांना विचारतात तो स्कोअर हाच.

पहिल्या तक्त्यात पास-नापास असतं, दुसऱ्यात फक्त क्रम लागतो. अकरावीच्या प्रवेशाला जशी मेरिट लिस्ट लागते तसंच हे आहे. दहावी पास होणं वेगळं आणि हव्या त्या कॉलेजच्या यादीत नाव येणं वेगळं. त्या यादीचा कटऑफ आपल्या मार्कांवर ठरत नाही. त्या वर्षी अर्ज किती आले आणि जागा किती होत्या, यावर तो ठरतो. ६७ गुण मिळवून “माझं काम झालं” असं समजणाऱ्यांची निराशा होते ती हा फरक न कळल्यामुळे.

एक हिशेब मांडून पाहू

उदाहरण म्हणून एक अविवाहित इंजिनिअर घेऊ. वय २९, चार वर्षांचं बी.ई., भारतात पाच वर्षांची नोकरी, कॅनडाचा अनुभव नाही, नातेवाईक नाही. इंग्रजीच्या चारही अंगांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची नववी पातळी. आयईएलटीएसच्या भाषेत सांगायचं तर ऐकण्यात ८, आणि वाचन, लेखन, बोलणं यांत प्रत्येकी ७ बँड.

पहिल्या तक्त्यात त्याला भाषेचे २४, शिक्षणाचे २१, अनुभवाचे १३ आणि वयाचे १२ असे ७० गुण पडतात. म्हणजे तो पात्र आहे.

आता सीआरएस. वयाचे ११०, शिक्षणाचे १२०, भाषेचे प्रत्येक अंगाला ३१ प्रमाणे १२४. इथपर्यंत ३५४ झाले. पुढे ‘कौशल्याच्या जोडी’चे गुण येतात. चांगलं शिक्षण आणि चांगली भाषा एकत्र असेल तर जास्तीचे २५, आणि तीन किंवा अधिक वर्षांचा परदेशी अनुभव व चांगली भाषा एकत्र असेल तर ५०. इथे परदेशी म्हणजे कॅनडाबाहेरचा, आपला भारतातला अनुभव. एकूण ४२९.

आता या हिशेबात फक्त एक गोष्ट बदलू. लेखनात त्याला ७ च्या जागी ६.५ बँड मिळाला, बाकी सगळं तेच. लेखनाचे ३१ गुण २३ वर येतात, म्हणजे ८ गेले. नुकसान तिथे थांबत नाही. जोडीचे पूर्ण गुण मिळायला चारही अंगांत नववी पातळी लागते. एक अंग घसरलं की शिक्षण-भाषेच्या जोडीचे २५ चे १३ होतात आणि अनुभव-भाषेच्या जोडीचे ५० चे २५. बेरीज ३८४ वर येते. अर्ध्या बँडपायी ४५ गुण गेले. पहिल्या तक्त्यात मात्र त्याचा एकच गुण कमी झाला, ७० चे ६९. दोन तक्त्यांचे स्वभाव किती वेगळे आहेत ते इथे दिसतं.

म्हणून अनुभवी माणसं सांगतात की आधी भाषा. शिक्षण वाढवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, वय तर थांबतच नाही. भाषेचे गुण काही महिन्यांच्या नेमाने केलेल्या सरावाने वाढू शकतात, आणि वाढले की तीन ठिकाणी वाढतात. इंग्रजी माध्यमात शिकलेले, रोज इंग्रजीत ईमेल लिहिणारे लोकही लेखनात ६.५ वर अडकतात. कारण परीक्षेला हवी असलेली मांडणी वेगळी असते: प्रश्नाच्या प्रत्येक भागाला उत्तर, परिच्छेदांची शिस्त, दिलेल्या वेळेत पुरेसे शब्द. ‘जनरल ट्रेनिंग’ हाच प्रकार निवडायचा असतो. विद्यापीठ प्रवेशासाठी दिलेली ‘अ‍ॅकॅडेमिक’ परीक्षा इथे चालत नाही. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात.

वय, पदवी आणि फ्रेंच

वयाचे पूर्ण ११० गुण वीस ते एकोणतीस या वयात मिळतात. तिसाव्या वाढदिवसाला ते १०५ होतात, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५०, आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. तारीख बदलली की स्कोअर आपोआप खाली येतो. “पुढच्या वर्षी बघू” या एका वाक्याला तिशीनंतर साधारण पाच-सहा गुण लागतात, चाळिशीनंतर अकरा.

शिक्षणात नुसती पदवी आणि पदव्युत्तर पदवी यांतलं अंतर दिसायला लहान आहे, १२० आणि १३५. पण जोडीचे गुण २५ वरून ५० होतात. म्हणजे आपल्या त्याच इंजिनिअरकडे एम.ई. असती तर स्कोअर ४६९ झाला असता. पदवी भारतातली असल्यामुळे तिचं कॅनडाच्या मानाने मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याला ईसीए म्हणतात आणि ‘डब्ल्यूईएस’सारख्या मान्यताप्राप्त संस्था ते करतात. त्यासाठी गुणपत्रकांचे ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट त्या संस्थेला जावे लागतात. मधल्या सुट्ट्या, परीक्षांचा हंगाम, जुन्या वर्षांच्या नोंदी शोधणं, यांत आठवडे सहज निघून जातात. म्हणून हे काम भाषेच्या तयारीसोबतच सुरू करावं. मूल्यमापन पाच वर्षं चालतं.

फ्रेंचकडे मात्र आपल्याकडच्या मुलांनी गंभीरपणे पाहावं असं मला मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत कितीतरी जण शाळेत, ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकलेले असतात. गुण चांगले पडतात म्हणून घेतलेला तो विषय पुढे सुटून जातो. सीआरएसमध्ये फ्रेंचच्या चारही अंगांत सातवी पातळी गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि द्विभाषिकतेचे ५०, असे ६२ गुण मिळतात. आपला ४२९ वाला इंजिनिअर थेट ४९१ वर जातो. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या होतात, त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. २९ फेब्रुवारी २०२४ च्या अशा फेरीत तो ३३६ होता. मात्र अलियान्स फ्रान्सेझमध्ये दिलेली डेल्फ किंवा डाल्फ परीक्षा यासाठी ग्राह्य नाही. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा याच परीक्षा लागतात. सातवी पातळी गाठायला साधारण दीड-दोन वर्षांची नियमित मेहनत पडते, हेही आधीच मनाशी धरावं.

नवरा-बायकोपैकी मुख्य अर्जदार कोण

लग्न झालेलं असेल तर दोघांपैकी एक जण मुख्य अर्जदार होतो, दुसऱ्याचे थोडे गुण त्यात मिळतात आणि पीआर सगळ्या कुटुंबाला एकत्र मिळतो. आपल्याकडे मुख्य अर्जदार नवराच असणार हे बऱ्याच घरांत न बोलता ठरलेलं असतं. हिशेब काय म्हणतो ते पाहू.

समजा नवरा ३४ वर्षांचा, बी.ई., इंग्रजीची आठवी पातळी. बायको ३१ वर्षांची, एम.एस्सी., इंग्रजीची नववी पातळी. दोघांनाही भारतात तीन वर्षांहून जास्त नोकरीचा अनुभव. नवरा मुख्य अर्जदार असेल तर वयाचे ७५, शिक्षणाचे ११२, भाषेचे ८८, जोडीचे ३८ आणि बायकोमुळे ३०, एकूण ३४३. बायको मुख्य अर्जदार असेल तर वयाचे ९०, शिक्षणाचे १२६, भाषेचे ११६, जोडीचे पूर्ण १०० आणि नवऱ्यामुळे २०, एकूण ४५२. तेच घर, तीच दोन माणसं, आणि फरक १०९ गुणांचा. दोन्ही बाजूंनी बेरीज केल्याशिवाय प्रोफाइल भरू नये.

काम काय करता, हे कागदावर कसं उतरतं

‘कुशल काम’ म्हणजे काय, हे पगारावर किंवा हुद्द्यावर ठरत नाही. कॅनडाने सगळ्या व्यवसायांना पाच आकडी संकेतांक दिले आहेत. त्या यादीला एनओसी म्हणतात. आपल्याकडच्या ‘ना हरकत’ प्रमाणपत्राशी तिचा संबंध नाही. दुसरा आकडा कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी सांगतो, शून्यापासून पाचपर्यंत. शून्य ते तीन या पातळ्यांचं काम एक्सप्रेस एन्ट्रीत कुशल धरतात. सॉफ्टवेअर इंजिनिअरचा संकेतांक २१२३१ आहे आणि नोंदणीकृत नर्सचा ३१३०१. दोन्हींत दुसरा आकडा १ आहे, म्हणजे पदवी लागणारी कामं.

संकेतांक निवडताना आपल्या व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा पाहून चालत नाही. भारतीय कंपन्यांत ‘मॅनेजर’ हा शब्द उदारपणे वाटलेला असतो. प्रत्येक संकेतांकाखाली त्या कामाचं वर्णन आणि मुख्य जबाबदाऱ्या दिलेल्या असतात. आपण रोज जे करतो ते त्यांतल्या बहुतेकांशी जुळायला हवं.

अनेक चांगले अर्ज इथेच अडतात, म्हणून अनुभवाच्या पत्राकडे जरा जवळून पाहू. आपल्याकडे नोकरी सोडताना एचआर एक ठरावीक पत्र देतं: सदर कर्मचारी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कार्यरत होते, त्यांची वर्तणूक चांगली होती, त्यांना शुभेच्छा. कॅनडाच्या अधिकाऱ्याला या पत्राचा फारसा उपयोग नाही. त्याला कंपनीच्या लेटरहेडवर, सही आणि संपर्काच्या तपशिलासह, पुढच्या गोष्टी हव्या असतात: हुद्दा, नोकरीचा काळ, आठवड्याला किती तास काम, वार्षिक पगार व इतर लाभ, आणि प्रत्यक्ष कामाची यादी. ती यादी नसेल तर माणसाने खरंच ते काम केलं की नाही हे ठरवायला अधिकाऱ्याकडे दुसरा आधार नसतो. कामाच्या मुद्द्यांचा मसुदा आपणच तयार करून एचआरकडे न्यावा, पण तो आपल्या शब्दांत असावा. एनओसीतली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं संशय ओढवून घेतात. कंपनी बंद पडली असेल किंवा पत्र देत नसेल तर पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफच्या नोंदी आणि जुन्या वरिष्ठांचं प्रतिज्ञापत्र असा पुरावा जोडून, कारण स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

ड्रॉ म्हणजे सोडत नव्हे

दर थोड्या दिवसांनी सरकार पूलमधून माणसं बोलावतं. त्याला सगळे ‘ड्रॉ’ म्हणतात, पण यात नशिबाची चिठ्ठी निघत नाही. त्या फेरीत किती जणांना बोलवायचं हे ठरतं, स्कोअरच्या उतरत्या क्रमाने तितकी नावं घेतली जातात, आणि शेवटच्या नावाचा स्कोअर तो त्या फेरीचा कटऑफ. त्या कटऑफवर बरेच जण असतील तर ज्याची प्रोफाइल आधी दाखल झाली त्याला आधी आमंत्रण. म्हणून तयारी होताच प्रोफाइल टाकावी. ती टाकायला पैसे लागत नाहीत आणि ती बारा महिने टिकते.

फेऱ्या मात्र एकाच प्रकारच्या नसतात. काही फक्त कॅनडात अनुभव असलेल्यांसाठी, काही प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, आणि २०२३ पासून काही ठरावीक गटांसाठी, जसे आरोग्यसेवा, कारागिरी किंवा फ्रेंच जाणणारे. कोणत्या गटांना बोलवायचं हे सरकार देशातली टंचाई पाहून ठरवतं आणि बदलतं.

कटऑफ धोरणाप्रमाणे किती हलतो याची दोन उदाहरणं पुरेत. १३ फेब्रुवारी २०२१ ला कोविडमुळे सीमा बंद होत्या, म्हणून सरकारने आधीच कॅनडात असलेल्यांना एका फेरीत २७,३३२ आमंत्रणं दिली. कटऑफ होता फक्त ७५. त्याच काळात भारतातून अर्ज करणाऱ्यांच्या योजनेच्या फेऱ्या जवळपास दीड वर्ष बंद राहिल्या. ६ जुलै २०२२ ला त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कटऑफ ५५७ होता. त्या दीड वर्षात कित्येकांचं वय वाढलं, भाषेचे निकाल कालबाह्य झाले. त्यांच्या लायकीत काडीचाही फरक पडला नव्हता. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगेन की स्कोअर म्हणजे तुमची किंमत नव्हे. त्या दिवशी, त्या यादीत, त्या धोरणानुसार तुमची जागा कुठे आहे, एवढंच तो सांगतो.

सध्याचा काळ आखडता आहे. २०२५ मध्ये ५,००,००० जणांना पीआर द्यायचा आधीचा बेत होता, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,९५,००० वर आणला गेला. ५ फेब्रुवारी २०२५ च्या कॅनडा-अनुभववाल्यांच्या फेरीत कटऑफ ५२१ होता. आपला ४२९ वाला इंजिनिअर अशा वेळी नुसती वाट पाहून पुढे जाणार नाही. त्याला फ्रेंच, पदव्युत्तर शिक्षण किंवा एखाद्या प्रांताचं नामांकन यांपैकी काहीतरी जोडावं लागेल.

प्रांताचं नामांकन ही सर्वांत मोठी उडी आहे. ओंटारियो, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा किंवा अटलांटिककडचे प्रांत आपापल्या गरजेनुसार माणसं निवडतात, आणि एक्सप्रेस एन्ट्रीशी जोडलेलं नामांकन मिळालं की थेट ६०० गुण मिळतात. त्यानंतर आमंत्रण जवळपास नक्की असतं. पण त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो, आणि प्रत्येक प्रांताचे निकष वेगळे असतात.

नोकरीच्या प्रस्तावाचं मात्र आता तसं राहिलेलं नाही. पूर्वी सीआरएसमध्ये त्याचे ५० किंवा २०० गुण मिळायचे. त्या गुणांसाठी नोकरीची पत्रं विकत घेतली-दिली जाऊ लागली, म्हणून २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले. आजही कुणी “पैसे द्या, जॉब ऑफर आणून स्कोअर वाढवतो” असं म्हणत असेल तर तो तुम्हाला उघड फसवतो आहे.

आमंत्रणानंतरचे साठ दिवस

आमंत्रण म्हणजे पीआर नव्हे, अर्ज करायची परवानगी. ते आल्यापासून ६० दिवसांत पूर्ण अर्ज कागदपत्रांसह दाखल करावा लागतो. प्रोफाइलमध्ये जे जे लिहिलं ते आता सिद्ध करायचं असतं. एप्रिल २०२४ च्या दरानुसार मुख्य अर्जदाराचं शुल्क १,५२५ कॅनेडियन डॉलर होतं. बायोमेट्रिक, वैद्यकीय तपासणी, परीक्षा आणि मूल्यमापनाचा खर्च वेगळा.

पोलिस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा अधिक काळ जिथे राहिलो त्या प्रत्येक देशाचा तो लागतो. दुबईत किंवा सिंगापुरात दोन वर्षं नोकरी केली असेल तर तिथलाही. वैद्यकीय तपासणी कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच करावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून ती अर्ज दाखल करण्यापूर्वीच पूर्ण करायची आहे.

पैशांचा पुरावा हा दुसरा नाजूक भाग. कॅनडात कामाच्या परवान्यासह नोकरीचा प्रस्ताव नसेल तर सुरुवातीच्या खर्चाची रक्कम आपल्याकडे असल्याचं दाखवावं लागतं. एकट्यासाठी ती साधारण पंधरा हजार कॅनेडियन डॉलर आहे, कुटुंबाच्या आकाराप्रमाणे वाढते आणि दर वर्षी बदलते. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्ज हे सगळं लागतं. घराची किंमत यात धरत नाहीत, उसने आणलेले पैसेही चालत नाहीत. आदल्या आठवड्यात खात्यात अचानक दहा लाख आले तर ते कुठून आले हे विचारलं जातं. आईवडिलांनी दिले असतील तर तसं भेटपत्र, जमीन विकली असेल तर खरेदीखत जोडावं. सरासरी सहा महिन्यांची असल्यामुळे ही तयारी आमंत्रणाच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

यांतलं काहीही वाढवून सांगू नये. खोटं पत्र, लपवलेला जुना व्हिसा नकार, फुगवलेला अनुभव यांतलं काही उघड झालं तर कॅनडाच्या कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि ती बंदी अर्जदारावर येते, अर्ज भरणाऱ्या एजंटवर नाही. मदत घ्यायचीच असेल तर पैसे घेऊन काम करायचा अधिकार तिथल्या वकिलांना व परवानाधारक पॅरालीगलना, क्विबेकच्या नोटरींना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचा परवाना असलेल्यांनाच आहे. त्या संस्थेची यादी कुणालाही पाहता येते. परवाना क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

निवड झाली, नोकरी राहिली

कागद नीट असले तर साधारण सहा महिन्यांत निर्णय देण्याचं कॅनडाचं उद्दिष्ट असतं. मग पीआर मिळतो. तो टिकवायला दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तिथे राहावं लागतं. पाच वर्षांत १,०९५ दिवस झाले की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

पण ज्या कामाच्या जोरावर गुण मिळाले ते काम तिथे करायला मिळेलच, असं पीआर सांगत नाही. देशात प्रवेश देणं हा केंद्र सरकारचा अधिकार आहे, व्यवसायाचा परवाना प्रांतांचा. नर्स म्हणून निवड झालेल्या मुलीला प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी करून एनसीएलईएक्स परीक्षा द्यावी लागते. डॉक्टर, फार्मासिस्ट, शिक्षक, इलेक्ट्रिशियन यांचंही तसंच. वर्षानुवर्षं तक्रार होती की परवान्यासाठी कॅनडातला अनुभव मागतात आणि परवान्याशिवाय तो अनुभव मिळत नाही. ओंटारियोच्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये ही अट काढली, आणि ते योग्यच झालं. बाकीच्या व्यवसायांत आणि प्रांतांत हा बदल अजून सावकाश चालला आहे.

म्हणून या सगळ्या खटाटोपाचा क्रम असा असावा: आधी जाहीर तक्त्यांवरून स्वतःची बेरीज, मग भाषेची परीक्षा आणि ट्रान्सक्रिप्ट, मग अनुभवाची पत्रं आणि बँकेची शिस्त, मग प्रोफाइल. प्रत्येक आकडा भरण्याच्या दिवशी सरकारी पानावर पुन्हा ताडून पाहावा, कारण हे नियम वर्षातून एकदोनदा बदलतात. आणि ज्यांच्या व्यवसायाला परवाना लागतो त्यांनी त्याची चौकशी विमानाचं तिकीट काढल्यावर करू नये. ज्या दिवशी स्कोअरची पहिली बेरीज कराल त्याच दिवशी त्या प्रांताच्या नियामक संस्थेचं पानही उघडा. तिकडे लागणारी काही कागदपत्रंही इथल्याच विद्यापीठातून आणि इथल्याच इस्पितळातून मिळवायची असतात, आणि इथे असताना ती मिळवणं कितीतरी सोपं असतं.